शिरगणती

ये दोमाझिर, आत ये.
बुटांचा बर्फ झटकत बसू नकोस,
जमीन तशीही ओलीच आहे, आणि दार उघडं राहिलं
की धुराबरोबर ऊबही जाते.
त्या बाकावर बस. डावीकडे नको, तिकडचा पाय मोडलाय.

लिही तुझ्या भूर्जपत्रावर:
क्ल्याझ्माच्या वळणावरचं तिसरं घर.
चूल एक.
बाई एक, नेझ्का, त्वेर्द्याता कारागिराची लेक.
वय लिहायचं नसतं ना? बरं झालं.
शहर जळालं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते,
एवढ्यावरून काय ते धर.

आधी शिरं उतरवली, मग शिरं मोजली.
तुझा आजा पहिल्यात गेला,
तटावर, हातात कुऱ्हाड, पायात एकच बूट.
माझ्या बापाची बोटं पाहून त्याला जिवंत ठेवलं.
सोन्याच्या तारेच्या घरांत तो निळी काच वितळवायचा,
श्वास रोखून,
आईलाही तेव्हा बोलायची मुभा नसे.
दोरखंडाला बांधून नेला, खाली, गवताच्या मुलखात.
मागे भट्टी राहिली. आम्ही तिच्यात कोंबड्या पाळल्या.
त्याच्यानंतर इथे कुणालाच ते निळं जमलं नाही.
तू कुठून पाहणार?
तुला वाटतं निळं म्हणजे हिवाळ्यातलं आभाळ.

पूर्वी खानाचा बास्काक यायचा घोड्यावरून.
त्याला आपली भाषा कळत नसे,
म्हणून हसत हसत तोंडावर शिवी देता यायची.
आता तू येतोस.
कुणाच्या तळघरात किती मध, कुणाची गाय गाभण,
कुठल्या विधवेचा दीर शेजारच्या राजाकडे चाकरीला,
तुला सगळं ठाऊक.
सफरचंदं चोरायला याच कुंपणावरून उडी मारायचास.

आपला राजा यंदाही सराईला गेला होता म्हणे.
सहा महिने तंबूबाहेर वाकून उभा,
मग चुलतभावाची चहाडी करून
सनद घेऊन आला.
आला तेव्हा त्याची पाठ सरळ होईना,
म्हणून आमच्या वाकवल्या.
खानाला दहा जातात, तू बारा नेतोस.
नाही, मी काही विचारत नाही.
विचारायची जागा चौकात होती.
ती घंटा वाजली की कुंभारसुद्धा बोलायचा.
तिची जीभ उपटून नाल ठोकले त्यांनी
टपालाच्या घोड्यांना. रात्री जातात ना, तो खडखड आवाज,
तो तिचाच.

चर्चची घंटा आहे अजून. तिला कर नाही.
खानाच्या आयुष्यासाठी वाजते.
मीही गुडघे टेकते.
गुडघ्यांना काय कळतंय, कुणासाठी.

हे घे. खारीची कातडी, अकरा.
बारावी उंदरांनी खाल्ली, खोटं वाटत असेल तर शेपूट दाखवते.
काय बघतोस चुलीपाशी?
बूट होय. लहान आहेत खरे.
म्हातारपणी पाय आखडतात रे.

वर माळ्यावर?
मांजर आहे.

असं.
पायानं सारलेस ते अंधारात.
लेखणी तशीच धरून बसलास,
शाई गोठेल.
कातडी नको म्हणतोस.
मग काय बघतोस, माझ्या रुमालाच्या गाठीकडे?
तुझ्या आईनं सांगितलं असणार. एकटीलाच माहीत होतं तिला.

थांब, सुटत नाही, बोटं गारठलीत.
जोडीचं दुसरं आईबरोबर पुरलं.
घे.
इथे नको, इथे धूर आहे. दाराशी जा, उजेडात धर,
जरा तिरकं.

दिसलं?

आता ये, बस, आणि लिही.
चूल एक.
माणूस एक.